लिम्फोमाचा उपप्रकार अहवालात लिहिलेला हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडून बेळगावला येणाऱ्या रुग्णांच्या फायलीत 'नॉन-हॉजकिन लिम्फोमा, बी पेशींचा' (लिम्फोमा म्हणजे लसिकापेशींचा कर्करोग, बी पेशी हा त्यांतला एक प्रकार) एवढ्या एका ओळीवर संपलेले अहवाल आजही दिसतात. या गटातला सर्वांत जास्त आढळणारा आणि झपाट्याने वाढणारा आजार म्हणजे डिफ्यूज लार्ज बी सेल लिम्फोमा. सूक्ष्मदर्शकाखाली तो एकसारखा दिसला तरी तो एकच आजार नाही, हे २००० सालीच जनुकांच्या तपासणीतून सिद्ध झाले. एक प्रकार जीसीबी, म्हणजे लसिकाग्रंथीतल्या जर्मिनल सेंटरच्या (बी पेशी जिथे वाढतात त्या भागाच्या) पेशींशी जुळणारा. दुसरा एबीसी, उत्तेजित बी पेशींशी जुळणारा. २००२च्या अभ्यासात केमोनंतर पाच वर्षे जगलेले रुग्ण पहिल्या प्रकारात ६० टक्के, दुसऱ्यात ३५ टक्के होते. तेव्हा रिटुक्सिमॅब हे बी पेशींना लक्ष्य करणारे औषध सर्रास मिळत नव्हते. ते आल्यावर दोन्ही आकडे सुधारले, पण एबीसी मागेच राहिला.

पुढे २०१८ साली जनुकातल्या बिघाडांवरून आणखी बारीक विभागणी झाली. त्यातल्या एका मोठ्या अभ्यासात पाच वर्षे जगण्याचे अंदाजित प्रमाण एमसीडी गटात २६, एन१ मध्ये ३६, बीएन२ मध्ये ६५ आणि ईझेडबीमध्ये ६८ टक्के होते. हे आकडे त्या अभ्यासातल्या रुग्णसमूहाचे आहेत. ते वाचून कोणी एका रुग्णाचे आयुष्य मोजू नये.

ही बारीक विभागणी आपल्याकडे रोजच्या कामात शक्य नाही, आणि आज प्रत्येकाला तिची गरजही नाही. पण पेशींतली ठरावीक प्रथिने रंगवून दाखवणाऱ्या तीन डाग-तपासण्या नक्की शक्य आहेत: सीडी१०, बीसीएल६ आणि एमयूएम१. ३० टक्के किंवा जास्त पेशी रंगल्या तर ती तपासणी 'आली' असे धरायचे. सीडी१० आले तर जीसीबी. ते नसेल आणि बीसीएल६ही नसेल तर नॉन-जीसीबी. बीसीएल६ असेल तर एमयूएम१ पाहायचे. ते आले तर नॉन-जीसीबी, नाही आले तर जीसीबी. ही पद्धत जनुक-तपासणीशी सर्व रुग्णांत जुळत नाही, म्हणून तिला शेवटचा शब्द समजू नये.

उपचाराची दिशा खरोखर बदलते ती फिश तपासणीने, म्हणजे चमकणाऱ्या खुणा लावून पेशीतली जनुके तुटली आहेत का ते पाहण्याने. एमवायसी आणि बीसीएल२ ही दोन्ही जनुके जागा सोडून तुटली-जुळली असतील तर तो 'डबल हिट'. नेहमीच्या आर-चॉपवर (रिटुक्सिमॅब आणि केमो एकत्र, दर २१ दिवसांनी, साधारण सहा फेऱ्या) तो नीट आटोक्यात येत नाही. अनेक केंद्रांत अशांना अधिक तीव्र उपचार देतात. खर्च वाचवायचा असेल तर आधी फक्त एमवायसी करावे आणि ते तुटलेले आढळले तरच पुढची करावीत. मात्र डागात एमवायसी ४० टक्क्यांपेक्षा कमी पेशींत दिसले म्हणून फिश टाळली, तर काही डबल हिट निसटतात. डागात एमवायसी ४० आणि बीसीएल२ ५० टक्क्यांच्या वर असेल तर तो 'डबल एक्स्प्रेसर'. ती वेगळी गोष्ट आहे आणि अहवालात या दोन नावांची गल्लत होते.

हे सगळे बिघडते ते प्रयोगशाळेच्या आधीच. बारीक सुईने घेतलेल्या नमुन्यात गाठीची रचना दिसत नाही आणि डागांना पेशीही पुरत नाहीत. शक्य असेल तिथे पूर्ण गाठ काढावी, नाहीतर जाड सुईचे अनेक तुकडे घ्यावेत. गाठ अखंड डबीत टाकली तर आतला भाग कुजतो. दोन-तीन मिलिमीटरच्या चकत्या करून १० टक्के बफर्ड फॉर्मालिनमध्ये, गाठीच्या दहापट द्रवात, ६ ते ७२ तास ठेवावे. सलाईनमध्ये पाठवलेला किंवा रविवारभर तसाच राहिलेला तुकडा फिशला चालत नाही. अस्थिमज्जेचा हाडाचा तुकडा तीव्र आम्लात मऊ केला तरी तेच होते.

तुकडा घेण्याआधी दिलेल्या प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोनने लिम्फोमाच्या पेशी विरघळतात आणि हाती नुसता मृत ऊतक लागतो. श्वास अडत असेल तर गोष्ट निराळी. नाहीतर आधी तुकडा, मग स्टेरॉइड. मानेतली गाठ क्षयाची समजून तपासणीशिवाय गोळ्या सुरू करण्याची सवयही इकडे घट्ट आहे. क्षयाची गाठसुद्धा उपचारात कधी कधी वाढते, तेव्हा वाट पाहून निवाडा होत नाही. तुकडा घ्यावाच लागतो.

पुण्या-मुंबईला किंवा बंगळूरला दुसरे मत घ्यायला निघताना नुसत्या काचा (स्लाइड) नव्हे, तुकडा ज्यात बसवलेला असतो तो मेणाचा ब्लॉक मागून घ्यावा. कापून ठेवलेल्या काचांवर काही महिन्यांनी केलेले डाग फिके येतात. मेण साधारण ५६ ते ६० अंशांना वितळते, त्यामुळे उन्हात उभ्या गाडीत ब्लॉक ठेवू नये. कागदपत्रांत मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशी तीन वळणांची नावे आली की ब्लॉक दुसऱ्याचा समजून परत येतो. आधारवरचेच नाव डबीवर आणि फॉर्मवर लिहावे, सोबत ब्लॉकचा क्रमांकही. रिटुक्सिमॅबच्या पहिल्या डोसाआधी हिपॅटायटिस बी साठी एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी या दोन्ही तपासण्या आणि आर-चॉपमधल्या डॉक्सोरुबिसिन या औषधाआधी हृदयाचा इको झाला आहे ना, हे नातेवाइकांनी डॉक्टरांना विचारावे.

शल्यचिकित्सकांना विनंती, की तपासणीच्या फॉर्मवर 'लिम्फोमाची शंका. सीडी१०, बीसीएल६, एमयूएम१, एमवायसी, बीसीएल२ आणि केआय-६७ करावे' ही ओळ (केआय-६७ म्हणजे पेशी किती वेगाने वाढतात ते दाखवणारा डाग) आणि स्टेरॉइड दिले असल्यास त्याची तारीख लिहावी.

आपले,
कर्करोग निदानाच्या कामातील काही वाचक,
बेळगाव