तुला चढवलेल्या चार बाटल्या

सांगली,
रविवार, दुपार

प्रिय सदा,

सप्रेम नमस्कार.

मंगळवारी तुझा फोन आला तेव्हा मी पिशवी घेऊन मंडईत निघालो होतो, म्हणून धड बोललो नाही. बायपास होऊन नऊ दिवस झालेला माणूस इतका खणखणीत बोलेल असं वाटलं नव्हतं. "बापू, चार बाटल्या रक्त चढवलंय म्हणे मला. परवापासून सारखं तिखट खावंसं वाटतंय. कोल्हापूरकराचं दिसतंय रे!" मागे वहिनी हसल्या. मग त्या आत गेल्या असाव्यात, कारण तुझा आवाज खाली आला. "खरं सांग, एखाद्या विशीतल्या पोराचं असेल तर थोडी उमेद येते का?"

"छे रे" म्हणून मी सुटलो. पण एकतीस वर्षं रक्तपेढीत काढलेल्या माणसाने तुला एवढ्यावर वाटेला लावणं बरं नव्हे. हा प्रश्न मी खिडकीवर शेकडो वेळा ऐकलाय. पैलवानाचं मिळेल का, बाईचं रक्त पुरुषाला चालतं का, अमक्या जातीचं नको. बाटलीच्या जागी पिशवी येऊन किती वर्षं झाली, तरी तू अजून बाटलीच म्हणतोस, तसेच हे प्रश्नही जुनेच. फक्त एका माणसाने तो प्रश्न जिवावर उदार होऊन विचारला आणि त्यातच गेला. तो तुझ्या पंथातला होता, कॉम्रेड. बँकेच्या युनियन ऑफिसात गुळगुळीत कागदाची रशियन पुस्तकं रचून ठेवायचास ना तू? त्यांत तो तुला भेटला नसणार. त्याचं नाव फार दिवस तिकडे चांगलं घेतलं जात नव्हतं.

अलेक्झांडर बोग्दानोव्ह. खरं आडनाव मालिनोव्हस्की, जन्म 1873, खारकोव्हहून 1899 मध्ये डॉक्टर झालेला. एके काळी बोल्शेविकांत, म्हणजे लेनिनच्या क्रांतिकारी गटात, त्याच्या बरोबरीचा पुढारी. 1908 साली काप्री बेटावर लेखक गॉर्कीच्या घरी दोघे बुद्धिबळ खेळतानाचा फोटो आहे. मग तत्त्वज्ञानावरून वाजलं. लेनिनने त्याच्या मतांविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं आणि 1909 मध्ये त्याला गटाबाहेर काढलं. भांडण वर्षभर आधीच पेटलं होतं, तेव्हाच या गृहस्थाने 'लाल तारा' नावाची कादंबरी लिहिली होती. मंगळावर समाजवाद आलाय आणि तिथले लोक एकमेकांत रक्ताची अदलाबदल करून दीर्घायुषी झालेत, असं तिचं कथानक. म्हाताऱ्याचं तरुणाला, तरुणाचं म्हाताऱ्याला. आपल्याकडे रक्ताचं नातं म्हणजे भाऊबंदकी. त्याच्या डोक्यात रक्ताचं नातं म्हणजे सगळा समाज.

आता तो काळ कसला होता ते बघ, नाहीतर हा माणूस नुसता वेडा वाटेल. क्रांतीनंतरचं यादवी युद्ध, उपासमार, आणि टायफस. टायफॉइड नव्हे रे, दोन्हींत गल्लत करू नकोस. हा उवांतून पसरतो. 1918 ते 1922 च्या दरम्यान दोन-तीन कोटी लोकांना तो झाला असा अंदाज आहे, मेले ते पंचवीस-तीस लाखांच्या घरात. रेल्वेची स्टेशनं पटापट मरणाऱ्यांनी भरलेली. डिसेंबर 1919 मध्ये लेनिन भर सभेत म्हणाला की एकतर उवा समाजवादाला हरवतील, नाहीतर समाजवाद उवांना. मला त्याचं हे एवढंच वाक्य मनापासून आवडतं, कारण त्यात पोथी नाही. जुलै 1918 मध्ये आरोग्याचं स्वतंत्र खातं निघालं होतं, त्यावर निकोलाय सेमाश्को नावाचा डॉक्टर बसला आणि 1930 पर्यंत बसून राहिला. औषध नाही, साबण नाही, डॉक्टर साथीतच मरताहेत. मग आगगाडीच्या डब्यांत न्हाणीघर आणि धोबीघाट बसवून त्या गाड्या फौजेमागे फिरवल्या. कपडे वाफेत, माणूस गरम पाण्यात. देवीची लस 1919 मध्ये सक्तीची झाली. जुने नावाजलेले डॉक्टर, विशेषतः पिरोगोव्ह सोसायटी या डॉक्टरांच्या संघटनेतले, या सरकारवर उघड नाराज होते. पण खेड्यात डॉक्टर पगारी असावा आणि रोग्याकडून पैसे घेऊ नयेत हा विचार त्यांचाच, 1864 पासूनच्या झेम्स्त्वो, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या मंडळांच्या, दवाखान्यांतला. नव्या राज्यकर्त्यांनी माणसं बाजूला सारली आणि विचार ठेवून घेतला. असं आपल्याही खात्यात मी बघितलंय.

बोग्दानोव्ह 1921-22 च्या सुमाराला व्यापारी शिष्टमंडळाबरोबर लंडनला गेला आणि येताना रक्तसंक्रमणावरची पुस्तकं आणि सामान घेऊन आला. रशियात तेव्हा हे काम नुकतंच बाळसं धरत होतं. शामोव्ह या सर्जनने गट तपासून पहिलं रक्त 1919 मध्ये दिलं होतं. 1923 मध्ये राजकीय पोलिसांनी बोग्दानोव्हला पकडून महिनाभर आत ठेवलं. बाहेर आल्यावर त्याने राजकारणाला रामराम ठोकला आणि सुया उकळायला घेतल्या. 1924 पासून आधी खाजगीत, आणि 1926 मध्ये सरकारी शिक्क्यानिशी: मॉस्कोत रक्तसंक्रमण संस्था निघाली, संचालक तो. या एकाच कामासाठी काढलेली जगातली पहिली संस्था म्हणून ती ओळखली जाते. जागा इगुम्नोव्ह नावाच्या व्यापाऱ्याच्या वाड्यात, नक्षीदार विटा, टाइल्स, टोकदार छपरं. आता तिथे फ्रेंच राजदूत राहतो.

आणि तिथे त्याने तुझा प्रश्न घेतला. अगदी तुझाच. साठीकडे झुकलेला माणूस आणि तरुण विद्यार्थी समोरासमोर निजवायचे, दोघांचं रक्त काढून एकमेकांना द्यायचं. स्वतःवर त्याने हे अकरा वेळा केलं. नजर सुधारली, टक्कल पडायचं थांबलं, असं त्यानेच नोंदवलं. त्याचा जुना मित्र क्रासिन याने बायकोला पत्रात लिहिलं की बोग्दानोव्ह सात, छे, दहा वर्षांनी लहान दिसतोय. सदा, माझ्याकडे कोणी असा अहवाल आणला असता तर चहा पाजून परत पाठवला असता. सलाइन चढवलं तरी लोकांना ताकद आल्यासारखी वाटते. ज्याला रक्त चढवलंच नाही असा दुसरा गट कुठाय? मोजलं कुणी, कशाने? शिकलेला, बुद्धीने माझ्या दसपट मोठा माणूस, पण स्वतःच्या केसांचा पंच स्वतःच झाला.

त्याच सुमाराला मानोइलोव्ह म्हणून एक जण तर रक्तात रसायनं टाकून बाई की पुरुष आणि रशियन की ज्यू ते रंगावरून ओळखता येतं असं शास्त्रीय मासिकांत छापत होता! तेव्हा खिडकीवरच्या मंडळींना मी उगाच हसायचो.

बारावी खेप 24 मार्च 1928. समोर एकवीस वर्षांचा विद्यार्थी, त्याला मलेरिया होऊन गेलेला आणि दबलेला क्षय. आपल्याला क्षय होत नाही अशी बोग्दानोव्हची समजूत होती, म्हणजे आपलं रक्त त्या पोराला बरं करेल आणि त्याचं आपल्याला तरुण. साधारण लिटरभर इकडून तिकडे झालं. काही तासांत दोघंही आजारी पडले. याच्या रक्तपेशी फुटल्या, मूत्रपिंडं बसली, आणि 7 एप्रिलला, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, तो गेला. पोरगा वाचला, नुसता वाचला नाही तर बरा झाला.

यावर पुष्कळ काथ्याकूट झालाय. कोणी आत्महत्या म्हणतं. मला पटत नाही. मरायचं असलेला माणूस टकलाची नोंद ठेवत नाही. माझं कामचलाऊ निदान सांगतो. तेव्हा मोठे चार गट माहीत होते, 1901 साली लँडस्टायनरने दाखवलेल्या गटांच्या आधाराने. आरएच, म्हणजे गटापुढचं ते पॉझिटिव्ह-निगेटिव्ह, 1940 मध्ये कळलं, आणि बाकीचे बारीकसारीक गट तर बहुतेक त्याहून मागाहून. अकरा परक्यांचं रक्त अंगात घेतलेल्या माणसाच्या शरीराने एव्हाना कशाकशाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करून ठेवली असतील. म्हणजे जितक्या वेळा तो 'एकरक्त' झाला तितका त्याचा देह परक्यांना ओळखायला शिकत गेला. वारंवार रक्त लागणारी थॅलसेमियाची पोरं आमच्याकडे यायची, त्यांना जुळणारी पिशवी शोधताना मला कैकदा हा माणूस आठवलाय.

आता सवयीप्रमाणे विचारशील की मग त्याचं उरलं काय. संस्था उरली रे. पुढचा संचालक बोगोमोलेट्स. तोही माणसाने दीडशे वर्षं जगावं म्हणणारा, गेला पासष्टाव्या वर्षी. पण त्या दोघांच्या स्वप्नांखाली खालची माणसं निमूट कामं करत होती. गट तपासायचे, दाते नोंदवायचे, रक्त थंड ठेवायचं, ठिकठिकाणी केंद्रं काढायची. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत देशात पंचावन्न लाख लोकांनी रक्त दिलं असं सांगतात, ती घडी या जाळ्यातूनच बसली.

आणि युदिन! हे वाचताना जेवणाची वेळ असेल तर पत्र बाजूला ठेव. सर्गेई युदिन, मॉस्कोच्या स्क्लिफोसोव्हस्की संस्थेतला सर्जन. ही संस्था म्हणजे शेरेमेतेव्ह नावाच्या उमरावाने बांधलेली धर्मशाळा. त्याची बायको पूर्वी त्याच्याच घराण्याची कुळवाडी-गुलाम आणि नाटकातली नटी, ती लवकर गेली, तिच्या आठवणीत गोरगरिबांसाठी पुरी केलेली. 1923 मध्ये तिथे अपघाताचं इस्पितळ झालं. शामोव्हने खारकोव्हला कुत्र्यांवर दाखवलं होतं की मेलेल्याचं रक्त काही तास जिवंत असतं. 23 मार्च 1930 ला युदिनकडे हाताच्या नसा कापून घेतलेला एक इंजिनियर आला, नाडी लागत नव्हती. जवळच रस्त्यावरच्या अपघातात गेलेल्या साठीच्या माणसाचा देह होता. युदिनने त्याचं रक्त याला दिलं आणि हा जगला. गंमत अशी की अचानक मेलेल्या माणसाचं रक्त आधी गोठतं आणि मग आपोआप पुन्हा पातळ होतं. गोठू नये म्हणून काही घालावंही लागत नाही. 1937 मध्ये त्याने अशा पहिल्या हजार रोग्यांचा वृत्तांत 'लॅन्सेट' या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात छापला.

माझ्या धंद्याच्या दृष्टीने खरी मेख पुढे आहे. मेलेल्याचं रक्त लगेच वापरायची घाई नसते. ते थंडीत ठेवायचं, तोवर गुप्तरोगाची वासरमन चाचणी करायची, शवविच्छेदनात काय निघतं ते बघायचं, मग द्यायचं. आधी काढा, तपासा, साठवा, मागाहून ज्याला लागेल त्याला द्या. शिकागोच्या फँटसने 1937 मध्ये त्याच कल्पनेला 'ब्लड बँक' नाव दिलं, आणि तू पैशाच्या पेढीत लागलास तसा मी रक्ताच्या लागलो. युदिनला मात्र 1948 मध्ये उचललं, आधी लुब्यांका या राजकीय पोलिसांच्या तुरुंगात आणि मग सैबेरियात. स्टॅलिन मेल्यावर परत आला आणि वर्षभरात गेला. यावर तू दर वेळी करतोस ते 'पण तेव्हाची परिस्थिती' वगैरे या खेपेला करू नकोस.

स्वतःच्या अंगावर घेणं ही मात्र तिकडची जुनी खोड. 1876 मध्ये ओडेसाच्या मोचुत्कोव्हस्कीने टायफसच्या रोग्याचं रक्त स्वतःला टोचून घेतलं आणि आजारी पडून सिद्ध केलं की रोग रक्तात आहे. त्याच ओडेसाचा हाफकिन. जानेवारी 1897 मध्ये भायखळ्याच्या ग्रँट मेडिकलमध्ये त्याने प्लेगची लस आधी स्वतःला टोचली. परळला त्याच्या नावाच्या संस्थेवरून आपण दोघं ट्रॅमने गेलोय, आठवतं? तू म्हणाला होतास इंग्रज असेल.

बोग्दानोव्हचं शास्त्र कच्चं होतं, यावर माझा तुझ्याशी वाद नाही. पण एक सांगतो. मी नोकरीला लागलो तेव्हा रक्त विकणारे ठरलेले लोक पेढीच्या पायरीवर बसलेले असायचे, पांढऱ्या पडलेल्या नखांचे. ती विक्री 1 जानेवारी 1998 पासून कोर्टाच्या हुकमाने बंद झाली. मग 'बदली दाता आणा' सुरू झालं. आणि खाटेवर बाप आडवा असताना सख्खी मुलं 'मला बीपी आहे' म्हणत जिन्याने उतरताना मी बघितली. एका रात्री एका म्हातारीच्या तिन्ही मुलांनी हात वर केले, आणि पोचवायला आलेल्या रिक्षावाल्याने बाही सरकवली. गट जुळत नव्हता, पण त्याचं रक्त दुसऱ्याला गेलं, दुसऱ्याचं तिला. चहा-बिस्किट खाऊन तो निघाला तेव्हा मीटर चालूच होतं. त्याला मी मनातल्या मनात बोग्दानोव्ह म्हणायचो.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुला दिल्या त्या नुसत्या लाल पेशी. पाणी, प्रथिनं बहुतेक बाजूला काढलेली. एक पेशी जास्तीत जास्त एकशेवीस दिवस जगते, आणि पिशवीत त्यांतले काही दिवस गेलेच. म्हणजे दिवाळीपर्यंत त्या पाहुण्यांतलं कोणी तुझ्यात उरणार नाही. उमेद आली असेल तर ती हिमोग्लोबिन वाढल्यामुळे. दाता कोण ते पेढी सांगत नाही आणि तू विचारूही नकोस. पिशवीवर गट, नंबर आणि मुदतीची तारीख, बस्स.

लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नकोस, तासभर मध्ये जाऊ दे. वहिनींना हे मी फोनवरही सांगणार आहे, कारण तुझा भरवसा नाही. छातीच्या टाक्यांना खाज सुटली तरी हात लावू नकोस. गणपती झाले की मी दोन दिवस येतो. आणि तिखटाचं त्या बिचाऱ्या कोल्हापूरकरावर ढकलू नकोस, तू हॉस्टेलच्या मेसमध्येही ठेच्याची वाटी पळवायचास.

तुझा,
बापू