बाई, ही तर मोरी!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या बालपुरवणीत शार्कवर अर्धं पान होतं. जबडा वासलेला पांढरा शार्क, ओघळणाऱ्या लाल अक्षरांत ‘समुद्रातला राक्षस’ हा मथळा आणि खाली ‘शार्क समोर आला तर काय कराल?’ अशी चौकट. मी मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. आमच्या वर्गात ही पुरवणी येते, मुलं चित्रं कापून वहीत चिकटवतात. तो जबडाही दोघांच्या वहीत चिकटला.

एरवी मी पत्र लिहायला बसले नसते. पण यंदा दुसरीतल्या एका मुलाने मोबाइलवर असलाच व्हिडिओ पाहिला होता. वडील रात्री होडी घेऊन निघाले की तो त्यांच्या कमरेला मिठी मारून रडायचा. चार-पाच दिवस हे चाललं, तेव्हा वडील शाळेत आले. हसत होते, पण वैतागलेही होते. म्हणाले, “बाई, तुमी तरी सांगा ह्येका. मोरी आमका खाणा नाय, आमीच तिका खातंव.”

आमच्याकडे शार्कला मोरी म्हणतात, रायगड-मुंबईकडे मुशी. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी खायला घालतात. म्हणजे वर्गातल्या निम्म्याअधिक पोरांची शार्कशी ओळख दात यायच्या आधीची आहे. चूक माझीही आहेच. बारा वर्षं मी तक्त्यावर बोट ठेवून ‘हा शार्क’ म्हणत आले, आणि त्याच दिवशी माझ्या डब्यात मोरीचं सुकं असायचं. दोन्ही एकच, हे कधी सांगावंसं वाटलं नाही. तक्त्यावरचा प्राणी परदेशी, डब्यातला आपला!

मग एक दिवस किनाऱ्यावरच्या लिलावातून हातभर लांबीची मोरी घेतली. वार बघून बुधवार धरला, सोमवारी आमच्याकडे मासळीला कोण हात लावणार? जुन्या वर्तमानपत्रावर (आपलंच होतं, राग नसावा) ती टेबलावर ठेवली आणि विचारलं, हा कोणता प्राणी? पहिल्या बाकावरून उत्तर आलं, “बाई, ही तर मोरी! काल आवशीन रांदलेली.” मी म्हटलं, हाच शार्क. वर्ग गप्प. मग मागून एकजण म्हणाला, “मगे तो मोठो खंयचो?”

तो मोठा कुठला ते नंतर सांगितलं. जगात शार्कच्या पाचशेहून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना माणसाशी काही देणंघेणं नाही, हेही सांगितलं. पण आधी हात लावायला दिला. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर पॉलिश पेपर. घरी आई गरम पाणी ओतून ‘रेती’ खरवडते ती हीच. ती खरं तर रेती नव्हे, दातांसारख्याच घडणीचे बारीक बारीक खवले आहेत. गालामागच्या फटी मोजल्या, एका बाजूला पाच, दोन्ही मिळून दहा. त्या दिवशीचं गणित तिथेच झालं. मग सगळ्यांना आपापला कान दुमडायला लावला. कान दुमडतो, कारण आत हाड नाही, कूर्चा आहे. मोरीचा अख्खा सांगाडा तसा. म्हणून मोरी खाताना काटा लागत नाही, हे पोरांनीच मला सांगितलं.

दातांपाशी मात्र आम्ही अडकलो. पहिलीत निम्म्यांचे पुढचे दात पडलेले. शार्कच्या जबड्यात दातांच्या रांगा एकामागे एक तयार असतात, एक पडला की मागचा पुढे सरकतो आणि हे जन्मभर चालतं, हे ऐकून एका बोळक्या मुलीला फारच अन्याय वाटला. आमच्याकडे पडलेला दात कौलांवर फेकून उंदराकडे नवा मागतात. तिने विचारलं, मोरीकडे मागितला तर?

आणि वास! मोरीला मुताचा वास का येतो, हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. समुद्राच्या खारट पाण्याने अंगातलं पाणी ओढून घेऊ नये म्हणून शार्क आपल्या रक्तात युरिया साठवून ठेवतो. मासा शिळा होऊ लागला की त्याचाच अमोनिया होतो. हे मी पोरांच्या भाषेत सांगितलं. वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातले गुरुजी बघायला आले आणि वास येताच खिडकी लावून परत गेले. मी शिकवलेलं बाकी सगळं ही मुलं विसरतील, हे विसरणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी एका मुलीने बातमी आणली. तिच्या आईने मोरी चिरली तर पोटात पिल्लं निघाली, नाळेसकट. हे मी मुद्दाम शिकवलं नसतं, पण आता टाळता येईना. बांगडा हजारोंनी अंडी टाकतो. आमच्या बाजारातली ही लहान मोरी मात्र गायी-म्हशीसारखी पिल्लं पोटात वाढवते, तीही डझन-दीड डझन. मोठ्या जातींना तर वयात यायलाच कित्येक वर्षं लागतात. म्हणून जाळ्यात फार आल्या की त्या लवकर संपतात. एवढंच सांगितलं आणि थांबले. ज्याच्या घरची चूल मासळीवर पेटते त्या सात वर्षांच्या मुलाला ‘तुझे वडील शार्क मारतात’ असं ऐकवणं मला पटत नाही. मोरी खाऊ नका, असंही मी म्हटलेलं नाही. मी स्वतः खाते.

पण देवमुशीची गोष्ट सांगितली. देवमुशी म्हणजे व्हेल शार्क, जगातला सगळ्यात मोठा मासा, आमच्या दोन वर्गखोल्यांहून लांब. खातो काय, तर तोंड उघडून गाळून घेतलेले बारीक जीव. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर तेलासाठी आणि मांसासाठी ही मुशी शेकड्यांनी मारली जायची. २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला संरक्षण दिलं, पण खरा फरक पडला तो २००४ नंतर, रामकथा सांगणाऱ्या मोरारीबापूंनी तिला बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीची उपमा दिली तेव्हा. तिथले मच्छीमार तिला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, म्हणू लागले आणि जाळी कापून सोडू लागले. आपल्या राज्यातही संरक्षित जीव जाळं कापून सोडला तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाईची योजना २०१८ पासून आहे, त्यासाठी सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ लागतो. हे ऐकून तो रडणारा मुलगा घरी गेला आणि वडिलांना म्हणाला, होडीवर जाताना मोबाइल चार्ज करून न्या.

मोठ्या माणसांसाठी एक हिशेब. शार्कने काही कारण नसताना केलेल्या हल्ल्यांत जगभर वर्षाला सरासरी पाच-सहा माणसं दगावतात. माणसं वर्षाला आठ-दहा कोटी शार्क मारतात. आपल्या देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेल्याचा अंदाज आहे. आमच्या पोरांनी घाबरायचंच असेल तर शाळेच्या वाटेवरच्या जांभ्याच्या गडग्यातल्या फुरशाला घाबरावं.

आपल्याकडे मागणं एवढंच, की बालपुरवणीत पुढच्या वेळी शार्क छापाल तेव्हा आपल्या किनाऱ्यावरचे छापा. मोरी छापा, हातोड्यासारख्या डोक्याची कानमुशी छापा, देवमुशी छापा. चित्राखाली गावोगावची नावं द्या, मालवणातलं वेगळं, अलिबागचं वेगळं, तीच तर गंमत आहे. रत्नागिरीला मत्स्य महाविद्यालय आहे, तिथले विद्यार्थी नावं तपासून देतील. आणि कोणी अंकलिपी नव्याने काढणार असेल तर ‘श’ला शहामृगाऐवजी शार्क चालेल का, बघा. शहामृग आम्ही कोणीच पाहिलेला नाही.

सोबत वर्गातली चार चित्रं पाठवते आहे, जागा असेल तर छापावीत. त्यातलं होडीचं चित्र त्याच मुलाचं. होडीत वडील, हातात मोबाइल, खाली मोरी. तिच्या गालामागे त्याने पाचाऐवजी सहा फटी काढल्या आहेत. खोल समुद्रात सहा फटींची मुशीही असते, म्हणून मी खोडलेलं नाही.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका,
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग