क्षेत्राच्या आकड्याखाली मोजण्याची रीतही लिहा

महोदय,

वाटणीपत्र असो, कलमांच्या बागेचा व्यवहार असो की घरबांधणीचा आराखडा, उपग्रहाच्या छायाचित्रावर रेघा ओढून केलेला नकाशा कागदपत्रांना जोडण्याची पद्धत आता कोकणात सर्रास पडली आहे. त्यावर क्षेत्र छापलेले असते, तेही दशांश चिन्हापुढे चार-चार अंकांपर्यंत, आणि संगणकाने काढले म्हणजे चूक कशी असेल, असे समजून माणसे खाली सह्या करतात. तो आकडा कोणत्या रीतीने काढला, हे मात्र त्या कागदावर कुठेही लिहिलेले नसते. माझी तक्रार त्याबद्दल आहे.

राजापूर तालुक्यातील आमच्या सामाईक बागेचे सात-बाऱ्यावरचे क्षेत्र ०.८१ हेक्टर, म्हणजे सुमारे ८० गुंठे. वाटणीसाठी एका खासगी नकाशाकाराकडून नकाशा करून घेतला, त्यात ते ०.८९ हेक्टर निघाले. खात्री करावी म्हणून चुलतभावांनी या गडग्यापासून (दगडी कुंपणापासून) त्या गडग्यापर्यंत फीत धरली, तर तीही जवळजवळ तेवढीच भरली. दोन आकडे जुळल्यावर शंकेला जागा राहिली नाही. हे आठ गुंठे आपल्याच बागेतले असणार, असे खालच्या शेजाऱ्यांनी धरले आणि तीन पिढ्यांच्या शेजारात दोन महिने अबोला राहिला.

प्रत्यक्षात दोन्ही आकडे चुकले होते, आणि दोन निराळ्या कारणांनी चुकले होते. इंटरनेटवरचे बहुतेक नकाशे ‘वेब मर्केटर’ या प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या एका रीतीत, असतात. गोल पृथ्वी सपाट पडद्यावर पसरताना विषुववृत्तापासून जसजसे दूर जावे, तसतसे या प्रक्षेपणात क्षेत्र फुगत जाते. भारत ग्रीनलँडच्या दीडपट असूनही या नकाशात ग्रीनलँडच कितीतरी मोठे दिसते, ते याच कारणाने. राजापूर-रत्नागिरीच्या अक्षांशावर हा फुगवटा शेकडा साडेनऊ ते दहा इतका येतो. आमच्या नकाशाकाराने याच प्रक्षेपणातल्या सपाट निर्देशांकांवरून, म्हणजे कोपऱ्यांच्या जागा दाखवणाऱ्या आकड्यांवरून, क्षेत्र काढले होते. त्याच रीतीने शेजाऱ्यांची बाग मोजली असती तर तीही तितकीच वाढलेली दिसली असती. कुणी कुणाचे काहीच घेतले नव्हते.

फितीचे कारण याहून साधे आहे. बाग २५ अंशांच्या आसपासच्या उतारावर आहे. फीत जमिनीला टेकवून उतारावरून नेली की १०० मीटर आडव्या अंतराचे ११० मीटर भरतात; सात-बाऱ्यावरचे क्षेत्र मात्र आडव्या पातळीतले असते. म्हणूनच उतारावर साखळी आडवी ताणून धरायची आणि टोकाकडून ओळंबा सोडून खालचा बिंदू घ्यायचा, अशी जुनी रीत आहे. एक चूक दुसरीची साक्षीदार झाली आणि आम्ही तो पुरावा मानला, याचे मला आजही फार वाईट वाटते.

भूगोल शिकणाऱ्या माझ्या पुतणीने ओटीवर बसून तीच आकृती क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या मोफत संगणक प्रणालीत उघडली. एकही कोपरा तिने हलवला नाही; फक्त क्षेत्र काढण्याची रीत बदलली आणि ०.८९ च्या जागी ०.८१ आले. या प्रणालीत डॉलरचे चिन्ह लावलेले ‘एरिया’ हे सूत्र, प्रकल्पात पृथ्वीचा लंबगोल (ध्रुवांशी किंचित चपटा असा तिचा आकार) निवडलेला असेल तर, त्याच्या वक्र पृष्ठावरून हिशेब करते. जिऑमेट्री कंसात घालून लिहिलेले ‘एरिया’ मात्र थर (आकृती साठवलेली फाइल) ज्या प्रक्षेपणात असेल त्यातल्या सपाट आकृतीचे क्षेत्र देते. थर अक्षांश-रेखांशात असेल तर उत्तर चौरस अंशांत येते, ते निदान पाहताक्षणी खटकते. दहा टक्क्यांची चूक खटकत नाही, म्हणून ती जास्त घातक.

सपाट नकाशावरच काम करायचे असेल तर कोकणासाठी यूटीएमचा, म्हणजे पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे करून मांडणाऱ्या प्रक्षेपणाचा, ४३ उत्तर हा विभाग घ्यावा. तो ७२ ते ७८ पूर्व रेखांशांचा असून त्याची मध्यरेषा ७५ वर आहे. त्या रेषेपासून सुमारे १८० किलोमीटरवर त्याचे प्रमाण तंतोतंत खरे ठरते, आणि रत्नागिरी शहर जवळजवळ त्याच अंतरावर आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात या पद्धतीने एकरामागे दोन-तीन चौरस मीटरांपलीकडे फरक पडत नाही.

अर्थात रीत बरोबर असली तरी कोपरे चुकले तर उपयोग नाही. आंब्याचा घेर गडग्याबाहेर आलेला असतो आणि छायाचित्रावर रेघ ओढणारा पानांची कड हीच हद्द समजतो. १० गुंठ्यांच्या चौकोनी तुकड्यात चारही बाजू एकेक मीटर बाहेर गेल्या, तरी सव्वा गुंठ्याहून अधिक क्षेत्र वाढते.

हद्दीचा वाद भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीनेच सुटायचा, हे मला मान्य आहे. परंतु मोजणीचा अर्ज करण्याआधीच माणसे या खासगी आकड्यांवर विसार देतात, भाऊ वेगळे होतात. म्हणून व्यवहाराच्या कागदाला जोडलेल्या प्रत्येक नकाशावर, क्षेत्राच्या आकड्याखालीच, प्रक्षेपणाचे नाव, क्षेत्र लंबगोलावरून काढले की सपाट आकृतीवरून, आणि कोपरे जागेवर जाऊन घेतले की छायाचित्रावरून, एवढे लिहिणे नकाशाकारांनी आपणहून सुरू करावे. ते लिहिलेले नसेल तर नकाशा करून घेणाऱ्याने सही करण्याआधी ते मागून घ्यावे.

आपला,
एक वाचक, ता. राजापूर, जि. रत्नागिरी