पाय रोज बघा म्हणता, पण कोणत्या डोळ्यांनी?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,

स. न. वि. वि.

लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहितोय. उन्हाळ्यात तुरीचं धसकट वडिलांच्या पायात, अंगठ्याखाली घुसलं. त्यांना कळलंच नाही. ओसरीवर रक्ताचे ठसे उमटले, ते माझ्या लेकीनं पाहिले. "मला तर काही दुखंना," असंच ते म्हणत राहिले. महिनाभरात अंगठा आणि शेजारचं बोट गेलं.

अकरा वर्षांची शुगर. पायाच्या नसा बधिर झाल्यावर काटा काय, विस्तव काय, जाणवत नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज पाय बघत जा. वडील बघायचे हो! रोज संध्याकाळी पाय धुऊन, दिव्याखाली बसून. दिसायचंच नाही. अंगठा गेल्यावर कुणीतरी डोळ्यांत थेंब टाकून मागचा पडदा तपासला, तर तिथंही रक्तस्राव. आम्ही इतके दिवस वयाला बोल लावत होतो.

साहेब, ही दोन दुखणी वेगळी नाहीत. वाढलेली साखर बारीक रक्तवाहिन्या नासवते. त्यातून डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड आणि पायाच्या नसा बिघडतात. म्हणून ज्याचा पाय बधिर, त्याचा डोळा तपासायलाच हवा, आणि उलटही. पडदा खराब होताना सुरुवातीला ना दुखतं, ना अंधुक दिसतं. लेझरनं उरलेली नजर बऱ्याचदा वाचते, गेलेली सहसा परत येत नाही.

वडिलांच्या कार्डावर मात्र साखर आणि बीपी, एवढेच दोन रकाने. अकरा वर्षांत चप्पल काढायला कुणी सांगितलं नाही.

मागणी मोठी नाही. ग्रामीण रुग्णालयात शुगरची गोळी घ्यायला माणूस येतो, त्याच दिवशी १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉन तंतू टेकवून त्याच्या तळव्यांना स्पर्श कळतो का, ते तपासा. नर्सताईंना पाच मिनिटं लागतील. पडद्याचा फोटो काढायचा कॅमेरा तालुक्याला द्या. फोटो शिकलेला तंत्रज्ञ काढतो, नेत्रतज्ज्ञ तो जिल्ह्यात बसून वाचू शकतो. दोन्ही वर्षातून एकदा, एकाच खेपेत. डोळ्यांसाठी वेगळी तारीख दिली की एक रोजगार बुडतो, आणि माणूस येत नाही.

कोजागरीला आमच्याकडची माणसं तुळजापूरला अनवाणी चालत जातात. त्यांत शुगरवाले किती, देवीलाच ठाऊक. वडील यंदाही हटून बसलेत. एसटीनं आणि पायात बूट घालून, एवढ्यावर सध्या तडजोड झाली आहे.

आपला,
एक शेतकरी