आईचा खुबा मोडला होता का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीतला ठिसूळ हाडांवरचा लेख वाचला. दूध, नाचणी, तीळ, कोवळं ऊन, चालणं, सगळं आलं. आनुवंशिकतेला मात्र 'इतर कारणे' या मथळ्याखाली अर्धी ओळ. जुळ्यांच्या अभ्यासांतून फार पूर्वीच दिसून आलंय की, हाडांची घनता माणसागणिक वेगळी असते त्यातला निम्म्याहून जास्त फरक आनुवंशिक असतो. त्याला अर्धी ओळ?

माझी आई घरच्या म्हशीचं दूध पिऊन वाढली, जन्मभर उन्हात राबली. तरी साठीनंतर तिच्या नेहमीच्या साड्या पायात यायला लागल्या. कमरेशी जास्त खोचून घ्यायची, आम्ही हसायचो. मणके आतून दबत चाललेत, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मग एक दिवस न्हाणीत पाय घसरून नुसती बसली आणि खुबा मोडला.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत हाडं तपासायचं मोफत शिबिर होतं. मशीनमध्ये टाच ठेवली, चिठ्ठीवर 'कमी' असा शेरा आला. ''मॅडम, दूध पीत नाही वाटतं?'' एवढंच विचारलं आणि हातात कॅल्शियमच्या गोळ्या. (दूध मी रोज पिते.) पुढे डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी क्ष-किरण तपासणी केली. टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी तुलना करून येणारा आकडा, उणे 2.7; थोडक्यात, हाडं ठिसूळ. त्या डॉक्टरांनी मात्र आधी विचारलं, ''आई-वडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला होता?'' फ्रॅक्स या धोका मोजण्याच्या पद्धतीत हा प्रश्न 2008 पासून आहे. विचारायला मशीन लागत नाही.

म्हणून कुणी जनुक-चाचण्यांच्या जाहिरातींमागे लागावं असं मी म्हणत नाही. ब्रिटनमधल्या सव्वाचार लाख लोकांच्या टाचा मोजून संशोधकांना जनुकसंचातल्या 518 जागा सापडल्या, आणि त्या सगळ्या मिळून फरकाचा जेमतेम पाचवा हिस्सा उलगडला. एकेका जागेचा वाटा चिमूटभर. आजीच्या पडण्याची हकीकत घरात फुकट मिळते.

पुढच्या लेखात आणि शिबिरांच्या फॉर्मवर हा एक प्रश्न यावा, एवढीच विनंती. माझी मुलगी सव्वीसची आहे, हाडं भरायला तिच्याकडे अजून थोडी वर्षं आहेत. तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी लिहून ठेवलंय: आजीचा खुबा, आईचा टी-स्कोअर उणे 2.7.

कळावे,
एक वाचक, मिरज