मित्रास पत्र: सामना कोणत्या नियमांनी खेळवायचा?

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन पत्रांना माझे उत्तर गेले नाही, याची बोच मनात आहेच. इकडे सर्व ठीक. माझी साखर आटोक्यात आहे आणि शैलाचा खांदाही बराच सुधारला आहे. आता मुद्द्याचे लिहितो. अमेरिकन फुटबॉलमधल्या माझ्या शिकागो बेअर्स आणि तुझ्या पिट्सबर्ग स्टीलर्स यांचे, सगळ्या काळांतले खेळाडू निवडून केलेले सर्वकालीन संघ समोरासमोर आले तर कोण जिंकेल, हा आपला वाद इतकी वर्षे ज्या पायावर उभा होता, तो पायाच मुक्ताने गेल्या रविवारी एका प्रश्नाने हलवला, आणि हे तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही.

तिची न्यूरॉलॉजीची रेसिडेन्सी चालू आहे. जेवताना मी नेहमीप्रमाणे तुझी फळी मांडत होतो: सेंटरला, म्हणजे चेंडू मागे देणाऱ्या मधल्या जागेवर, माइक वेबस्टर, त्याच्या शेजारी ॲलन फॅनेका, मागे फ्रँको हॅरिस. तेव्हा तिने विचारले, "बाबा, वेबस्टरला तुम्ही कोणत्या वर्षाच्या नियमांनी खेळवता?" मी सांगितले, की ज्याचा त्याचा काळ आणि ज्याचे त्याचे नियम, असे कलम सुधीरकाकाने घातलेले आहे. ती म्हणाली, "म्हणजे त्याने पुन्हा तसेच डोके आपटून घ्यायचे."

ते कलम तू तुझ्या बचावपटू मेल ब्लाउंटसाठी घातले होतेस, हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. चेंडू हवेत जाईपर्यंत रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्याला, ढकलत, अडवत नेण्याची मुभा त्याला होती; १९७८ मध्ये लीगने हा स्पर्श पाच यार्डांपुरता मर्यादित केला आणि त्या नियमाला लोक आजही ब्लाउंटचे नाव देतात. मीही ते कलम मुकाट्याने मान्य केले, कारण त्यात माझे दोन हुकमी एक्के सुरक्षित राहत होते. डग ॲटकिन्सच्या काळी समोरच्याच्या हेल्मेटवर थेट पंजा मारता येत असे, जे १९७७ पासून बंद झाले. आणि डिक बटकस ज्या रीतीने माणसाला छातीपासून वर धरून खाली आणत असे, त्याला आज दर दोन डावांना फाउलचा पिवळा रुमाल पडला असता.

पण त्या रात्री मी वेबस्टरची जुनी चित्रफीत लावली आणि फक्त त्याच्याकडेच पाहत राहिलो. डाव ठरवायचा घोळका (हडल) मोडला, की तो सर्वांच्या आधी धावत रेषेवर येतो. थंडी कितीही असो, दंड उघडे. खाली वाकतो, चेंडू दोन पायांमधून मागे देतो, आणि हात मोकळे होण्याआधीच समोरच्या माणसाचे हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर येऊन आदळते. हे प्रत्येक डावाला होते. पिट्सबर्गसाठी तो पंधरा हंगाम हे करत राहिला, आणि २००२ मध्ये पन्नासाव्या वर्षी गेला. त्याचा मेंदू तुझ्याच शहरात डॉ. बेनेट ओमालू यांनी तपासला आणि त्यातून या खेळाची सर्वांत मोठी व्यथा, डोके वारंवार आदळल्याने मेंदूला होणारा आजार (सीटीई), जगापुढे आली. माझ्या संघातही तसाच एक माणूस आहे. १९८५ च्या बेअर्सचा सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागचा बचावपटू, डेव्ह ड्युरसन २०११ मध्ये, तोही पन्नासाव्या वर्षीच, स्वतःहून गेला. जाताना आपला मेंदू संशोधनासाठी द्यावा असे त्याने लिहून ठेवले होते, आणि तपासणीत तोच आजार निघाला. सुधीर, या दोघांना आपण दर वर्षी मैदानात उतरवतो आणि तेही जुन्याच नियमांनी. हे आता माझ्याने होणार नाही.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे, की यापुढचा सामना आजच्या नियमांनी खेळवावा. डोके पुढे करून धडक दिली, तर फाउल. खेळाडूला भोवळ आली, तर तो बाहेर, आणि डॉक्टरने सांगितल्याशिवाय परत येणे नाही. तू लगेच म्हणशील, की ब्लाउंटचे हात बांधून मी सामना खिशात घालायला निघालो आहे. कृपा करून पुढचे नीट वाच, कारण हिशेब मांडल्यावर नुकसान माझेच जास्त निघते.

आजच्या नियमांत चेंडू हवेतून जातो, आणि तुझ्याकडे लिन स्वान, जॉन स्टॉलवर्थ आणि अँटोनियो ब्राउन आहेत. पास फेकायला टेरी ब्रॅडशॉऐवजी तू बेन रॉथलिसबर्गर घेशील आणि ते योग्यच होईल. त्यांच्यापुढे माझा १९८५ चा फॉर्टी-सिक्स डिफेन्स, पास फेकणाऱ्यावर माणसे तुटून पडण्याची ती पद्धत, ज्याच्या जिवावर मी तुला इतकी वर्षे छळले, तो उघडा पडतो. त्या वर्षी बेअर्स हंगामात एकदाच हरले, मायामीत, ३८-२४; डॅन मरिनोने तिसरा रिसीव्हर आणून आमच्या मागच्या फळीला पळता भुई थोडी केली होती. म्हणून मला फॉर्टी-सिक्स सोडून आमचा नंतरचा प्रशिक्षक लव्ही स्मिथ याची पद्धत घ्यावी लागेल: दोन सेफ्टी खोलवर आणि मध्ये ब्रायन अर्लॅकर, जो कॉलेजात स्वतःच सेफ्टी होता आणि मागे धावत जाऊन चेंडू तोडू शकतो. याचा अर्थ थर्ड डाउनला, म्हणजे बहुधा पास येणाऱ्या तिसऱ्या प्रयत्नाला, मी बटकसला बाकावर बसवणार. शिकागोच्या दक्षिण भागात वाढलेला ५१ नंबरचा तो माणूस, आणि त्याला मी बसायला सांगणार. हे लिहितानाही मला त्रास होतो आहे.

ऑफेन्समध्ये, म्हणजे चढाईत, मात्र मी तुला सुखाने झोपू देणार नाही. सिड लकमनने १९४३ मध्ये जायंट्सविरुद्ध एकाच सामन्यात सात टचडाउन पास फेकले, ते बचाव करणाऱ्यांना रिसीव्हर अडवण्याची भरपूर मोकळीक होती त्या काळात. आजच्या मोकळ्या मैदानात तो काय करील, याचा विचार कर. माइक डिट्काने १९६१ मध्ये पहिल्याच हंगामात टाइट एंड (अडवणे आणि झेलणे दोन्ही करणारा) असून १,०७६ यार्ड मिळवले. त्याला तुझा जॅक हॅम एकटा धरू शकणार नाही, तुझ्या ट्रॉय पोलमालूला पुढे यावेच लागेल, आणि तो पुढे आला की वॉल्टर पेटनला कडेने वाट मोकळी झाली. अंगात फ्लू असताना ज्याने मिनेसोटाविरुद्ध २७५ यार्ड काढले, त्याला तेवढी फट पुरते. तुझ्या टी. जे. वॉटपुढे मी जिम्बो कोव्हर्टला उभा करीन. डिट्का आणि कोव्हर्ट हे दोघेही तुझ्याच पिट विद्यापीठातून आले आहेत, तेव्हा माझ्या संघाला हातभार लावल्याबद्दल तुझ्या शहराचे आभार.

आणि डेव्हिन हेस्टर संघात राहणारच. २००७ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, त्याने पहिलीच किक ९२ यार्ड पळवली, तेव्हा तू माझ्या सोफ्यावर बसून म्हणालास, की हा नुसता चेंडू पळवणारा आहे, सर्वकालीन संघात त्याचे काम नाही. बेअर्स त्या दिवशी २९-१७ असे हरले, म्हणून मी गप्प बसलो. आता २०२४ पासून तो हॉल ऑफ फेममध्ये आहे, तेव्हा तो विषय संपला असे मी धरतो.

एवढे सगळे जमवूनही माझ्या अंदाजाने तू २७-२४ असा जिंकतोस. तरीही मला नियम आजचेच हवेत.

मन्या पंच व्हायला तयार आहे, पण नियम बदलायचे तर दोघांची लेखी संमती हवी, असे तो म्हणतो. आरती वहिनींचे दुकान नव्या जागेत गेल्याचे त्याच्याकडूनच कळले, फार आनंद झाला. ओंकारच्या नोकरीचे काय झाले? तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली, की लगेच कळव, मी चार दिवस येऊन राहीन.

आणखी एक. डर्मोंटी डॉसन १९८८ मध्ये वेबस्टरच्या शेजारी गार्ड म्हणून खेळला आणि नंतर त्याच्याच जागी सेंटर झाला, म्हणजे तुझ्याकडे त्या जागेला दोन माणसे आहेत. सुरुवात डॉसनने करून वेबस्टरला थोडेच डाव द्यावेत, असे माझे मत आहे. पण संघ तुझा आहे. तू काय ठरवतोस ते आधी कळव, म्हणजे माझ्या डॅन हॅम्पटनला आत उभा करायचा की कडेला, हे मला ठरवता येईल.

तुझा,
अविनाश