मेपलच्या नळीला पडणारा झोळ

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मेपल सिरपविषयी आलेला लेख आवडीने वाचला. व्हॅक्यूम पंप, रसातले पाणी आधीच काढून टाकणारे रिव्हर्स ऑस्मोसिसचे यंत्र आणि स्टीलच्या लांबलचक उथळ कढया यांचे वर्णन लेखकाने चांगले केले आहे. परंतु लेखासोबत छापलेल्या छायाचित्राकडे पाहून राहवले नाही, म्हणून हे पत्र. छायाचित्रात बर्फातून जाणारी एक निळी नळी दिसते, खाली ‘आधुनिक व शिस्तबद्ध नळीव्यवस्था’ अशी ओळ आहे, आणि त्याच नळीला तीन ठिकाणी चांगला हातभर झोळ पडलेला आहे. व्यवसायाने मी यंत्र-आरेखक आहे. गेली काही वर्षे अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात राहतो आणि दर हिवाळ्यात शेजाऱ्यांच्या मेपलच्या वनात, ज्याला इकडे शुगरबुश म्हणतात, हाताखालचा माणूस म्हणून राबतो. माझे बहुतेक काम असा झोळ पडू न देण्याचेच असते.

अमेरिकेतले जवळपास निम्मे मेपल सिरप व्हरमाँटमध्ये तयार होते, आणि जगातले सुमारे सत्तर टक्के शेजारच्या कॅनडातील क्वेबेक प्रांतात. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा शून्याच्या वर जाणारा पारा असा खेळ सुरू झाला की शुगर मेपलच्या खोडातून रस वाहू लागतो. त्यात साखर असते साधारण दोन टक्के, त्यामुळे एक गॅलन सिरपसाठी चाळीसच्या आसपास गॅलन रस आटवावा लागतो. एवढा रस बादल्यांनी वाहून आणण्याचे दिवस 1950 च्या दशकाच्या अखेरीस प्लॅस्टिकच्या नळ्या आल्यापासून सरत गेले. आता खोडांना पाडलेल्या छिद्रांतून निघून झाडाझाडांमधून जाणाऱ्या बारीक नळ्या मुख्य नळीला, म्हणजे मेनलाइनला, जोडतात आणि मेनलाइन तो रस उताराने खाली टाकीपर्यंत आणते. लेखात इथपर्यंत सगळे आले आहे. राहिले ते एवढेच, की ही मेनलाइन हवेत उभी कशाच्या जोरावर राहते.

बारीक नळी झाडांना वळसे घेत स्वतःच्या ताणावर उभी राहते, तिला आधार लागत नाही. मेनलाइनचे तसे नाही. पाऊण इंच, एक इंच किंवा त्याहून मोठ्या व्यासाची ही पॉलिइथिलीनची नळी रसाने भरली की जड होते आणि आपल्या वजनाने लोंबते. म्हणून आधी झाडांच्या ओळीतून 12.5 गेजची, म्हणजे सुमारे अडीच मिलिमीटर जाडीची, जस्ताचा मुलामा दिलेली पोलादी तार रॅचेटने, म्हणजे दातेरी चाकाच्या ताणणीने, करकचून ताणतात, बाजूच्या झाडांना आडव्या तारा ओढून ती सरळ करतात, उतार किमान दोन टक्के मिळतो आहे ना हे पाहतात, आणि मग त्या तारेखाली नळी धरून मऊ तारेच्या तुकड्यांनी ती बांधत जातात. एक ते दीड फुटावर एक बंध, असा इकडचा रिवाज आहे. हजार फूट मेनलाइन टाकायची तर सातशे ते हजार बंध झाले, आणि मध्यम आकाराच्या वनातही मेनलाइन काही हजार फूट सहज भरते.

एवढे बंध कशाला, हा प्रश्न मलाही पहिल्या वर्षी पडला होता, आणि आळसापोटी मी तीन-तीन फुटांवर बंध घातले होते. पॉलिइथिलीन उष्णतेने पोलादापेक्षा कितीतरी अधिक प्रसरण पावते, याचा मला विसर पडला होता. यंत्रांची चित्रे काढून पोट भरणाऱ्याने हे सांगणे शोभत नाही, पण खरे आहे. पहाटे उणे दहा अंश सेल्सिअस असलेली नळी दुपारच्या उन्हात वीस अंशांपर्यंत तापली, तर शंभर मीटर लांबीत ती सुमारे अर्ध्या मीटरने वाढते. तेवढ्याच फरकाने पोलादी तार वाढते जेमतेम साडेतीन सेंटीमीटर. उरलेली लांबी कुठे तरी जायलाच हवी, आणि ती दोन बंधांमध्ये खाली पोट काढते. कागदावर हिशेब केला तर एक फुटाच्या अंतरात हे पोट अर्ध्या इंचाचे निघते, तीन फुटांत दीड इंचाचे आणि सहा फुटांत तीन इंचांचे. नळीचा स्वतःचा ताठपणा धरला तर प्रत्यक्षात काहीसे कमी भरेल, परंतु प्रमाण तेच राहते. वाढलेली लांबी नाहीशी करणे कोणाच्याच हातात नाही. ती बारीक बारीक लहरींत वाटून टाकता येते, आणि ते काम बंध करतात.

पाऊण इंची नळीला अर्ध्या इंचाचा झोळ पडला तर वरून हवेला वाट उरते. तीन इंचांच्या झोळात मात्र रसाचे बूच बसते. पंप नळीतली हवा खेचून झाडाच्या छिद्रापर्यंत निर्वात पोहोचवू पाहतो, आणि वाटेतले प्रत्येक बूच त्यातला काही हिस्सा खाते. निर्वात पाऱ्याच्या इंचांत मोजतात, आणि एक फूट उंचीचा द्रवस्तंभ पाऱ्याच्या सुमारे 0.88 इंचाइतका दाब अडवतो. तीन-तीन इंचांचे दहा झोळ एकामागून एक आले तर पलीकडच्या झाडांपर्यंत पोहोचणारा निर्वात पाऱ्याच्या दोन इंचांहून अधिक घटू शकतो. निर्वात एका इंचाने वाढला की रस पाच ते सात टक्क्यांनी वाढतो, असे व्हरमाँट विद्यापीठाच्या अंडरहिल येथील प्रॉक्टर मेपल संशोधन केंद्राच्या कामातून पुढे आलेले आहे. म्हणजे या दहा झोळांमागे दहा टक्क्यांहून अधिक रस झाडातून येतच नाही, आणि मालक पंप लहान पडतो म्हणून मोठा पंप पाहायला निघतो. लेखात पंपाच्या अश्वशक्तीवर संपूर्ण परिच्छेद खर्च झाला आहे, त्यामुळे हे जरा विस्ताराने लिहिले.

झोळात अडकलेल्या रसाचे आणखी एक दुखणे आहे. तो रात्री गोठतो, सकाळी उशिरा वितळतो, म्हणून वरची झाडे वाहायला तयार असूनही खालची वाट बंद राहते. आणि मार्चअखेरीस उन्हे तापू लागली की त्याच साचलेल्या रसात जंतू वाढतात, सुक्रोजचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होते आणि त्यापासून आटवलेले सिरप गडद उतरते. गडद सिरप वाईट असते असे नाही, मला स्वतःला तेच आवडते. पण हंगामाच्या सुरुवातीला सोनेरी सिरपाची अपेक्षा ठेवणाऱ्याला ते परवडत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले, त्या हत्याराकडे येतो. पक्कड घेऊन हाताने बंध घालायचा म्हणजे सहा-सात इंचांचा तुकडा नळी व तार यांच्याभोवती फिरवा, दोन्ही टोके एकत्र धरा, पक्कडीने तीन पीळ द्या आणि टोक दाबून टाका. हे एकदा करायला काहीच वाटत नाही. शंभरदा केले की अंगठ्याचे मूळ ठणकू लागते, आणि हातमोजे घालून बारीक तार पकडता येत नाही म्हणून ते काढले की बोटे बधिर होतात. यावर दोन प्रकारची हत्यारे वापरात दिसतात. एक म्हणजे सळ्या बांधणारे कामगार वापरतात तसा ओढायचा हुक. दोन्ही टोकांना फासे असलेले तयार तुकडे मिळतात, तुकडा नळीला वेढून दोन्ही फासे हुकात अडकवायचे आणि मूठ सरळ मागे ओढायची. दांड्यावरच्या मळसूत्री खाचेमुळे हुक आपोआप फिरतो आणि तीन-चार पीळ बसतात. मोजे काढावे लागत नाहीत. दुसरे हत्यार म्हणजे हाताच्या पंजाएवढा, एका बाजूने उभा चिरलेला नळकांड्याचा तुकडा, ज्याच्या कडेला एक भोक असते. चिरेतून तो नळी व आधारतार या दोन्हींवर बसवायचा, मऊ तारेचे टोक भोकातून ओवायचे आणि तुकडा गोल फिरवायचा. तार शेजारी शेजारी वेढे घेत गुंडाळली जाते.

शेजाऱ्यांनी हे दुसरे हत्यार भंगारातल्या पोलादी नळीपासून घरीच केले आहे, आणि माझे मत विचाराल तर ते अधिक सरस आहे. ओढायच्या हुकाने पडलेला पीळ एकाच बिंदूवर घट्ट आवळतो आणि त्याचे टोक काट्यासारखे बाहेर राहते. ते वळवून वर, आधारतारेकडे, दाबले नाही तर नंतर नळी तपासत जाणाऱ्याचा मोजा, बाही आणि प्रसंगी कातडीही त्यात अडकते. गुंडाळलेल्या वेढ्यांचा भार इंचभर रुंदीवर पसरतो, नळी चेपत नाही, आणि थंडी-उन्हात ती थोडी पुढे-मागे सरकायला मोकळी राहते. त्याचा दोष इतकाच, की चिरेच्या कडा कानशीने गोल केल्या नाहीत तर त्या नळीवर ओरखडे पाडतात. आमच्या पहिल्या तुकड्याने दुपारभर तेच केले आणि ते संध्याकाळी लक्षात आले.

बंधाची तार कोणती, यालाही महत्त्व आहे. घरातल्या वायरिंगची उरलेली तांब्याची तार मऊ असते, हाताशी असते, म्हणून मी एका हंगामात तीच वापरली. तांबे आणि जस्त ओल्यात एकमेकांना टेकले की जस्त झिजते, हे शाळेत शिकलेले तेव्हा आठवले नाही. पुढच्या वर्षी प्रत्येक बंधाखाली आधारतारेवर तांबूस गंज चढलेला होता आणि जवळजवळ दोनशे बंध सोडून जस्ती तारेने पुन्हा घालावे लागले. आधारतारेचे टोक झाडाभोवती नुसते वेढून टाकण्याची सवय तर त्याहून वाईट. खोड वाढते, तार आत रुतते आणि सालीखालून जाणारे अन्न तुटते; म्हणून तार व खोड यांच्यामध्ये लाकडी ठोकळे ठेवतात आणि काही वर्षांनी वेढा सैल करतात. ज्या झाडाच्या रसावर सगळे चालते त्याचाच गळा आवळला जाताना मी एकाहून अधिक वनांत पाहिले आहे.

मार्चमधला पहिला मंगळवार, म्हणजे इथल्या गावसभेचा दिवस, हा झाडांना छिद्रे पाडण्याचा परंपरेने मानलेला मुहूर्त. अलीकडे कित्येक जण त्याच्या बरेच आधी सुरुवात करतात. परंतु बंधांचे काम त्याही आधी, शरदात पाने गळल्यावर उरकलेले बरे, कारण तेव्हा तार स्पष्ट दिसते आणि बोटे चालतात. छिद्रे पाडायच्या आधी संपूर्ण मेनलाइन एकदा पायी चालून पाहावी लागते, कारण वादळात फांद्या पडून बंध तुटलेले असतात आणि खारींनी नळी कुरतडलेली असते. झोळ शोधण्यासाठी गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून, नळीच्या बुडाची रेषा पाहावी. उभे राहून पाहिले तर ती सरळच वाटते, आणि आपल्या छायाचित्रकाराने बहुधा उभ्यानेच पाहिले असावे.

त्या छायाचित्रातील सर्वांत मोठा झोळ उजवीकडच्या दोन झाडांमध्ये आहे. तेवढ्या अंतरात मला एकच बंध मोजता आला. तिथे निदान सहा तरी हवे होते. लेखाच्या महाजालावरील आवृत्तीत छायाचित्राखालची ओळ बदलणे शक्य असल्यास ‘बंध सुटलेली मेनलाइन, दुरुस्तीपूर्वी’ असे छापावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, व्हरमाँट (अमेरिका)